न दुखणारी जखम

१. इतकीशी जखम, आणि पाय काढायचा?

सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाबाहेरच्या बाकावर एक प्रश्न कायम ऐकू येतो. विचारणारा बहुधा मुलगा असतो, नाहीतर जावई. "अहो, नखाएवढी जखम होती हो. परवापर्यंत बाबा शेतात जात होते. आणि आज म्हणता, गुडघ्याखालून पाय काढायचा?"

प्रश्न अगदी रास्त आहे, पण आत शस्त्रक्रियेची तयारी चालू असताना त्याचं नीट उत्तर द्यायला कुणाला वेळ नसतो. म्हणून या प्रकरणात आपण तो सावकाशीनं सोडवू.

पाय गमावण्याची कारणं देशागणिक बदलतात. कुठे युद्ध, कुठे रेल्वे, कुठे शेतातला काटा. त्यांच्याकडे आपण पुढे वळू. पण आपल्यासारख्या देशांत आज ज्या कारणाकडे आधी पाहायला हवं ते आहे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या बहुतेकांना साखरेचा आकडा तोंडपाठ असतो, पण स्वतःच्या तळव्याकडे त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलेलं नसतं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. मधुमेहामुळे पाय काढावा लागलेल्या शंभर जणांत सुमारे ८५ जणांची सुरुवात पायावरच्या एका व्रणानं झालेली असते. मला हा आकडा आशेचा वाटतो. व्रण डोळ्यांना दिसतो. त्याला हुडकायला एमआरआय लागत नाही, शहर गाठावं लागत नाही. म्हणजे बहुतेक पाय वाचवण्याची एक संधी आपल्या घरातच येऊन गेलेली असते. ती हुकते कशी, हे समजून घ्यायचं तर आधी नसांकडे जायला हवं.

२. शेवटच्या वाडीचा बल्ब

गावात वीज कमी दाबानं आली की सगळीकडे एकदम अंधार होत नाही. डीपीजवळच्या घरांत उजेड असतो, पण तारेच्या टोकाला असलेल्या शेवटच्या वाडीतला बल्ब आधी मिणमिणायला लागतो. शरीरात सर्वांत लांब तारा कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जातात. त्यांची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांना इजा होते, आणि ती सर्वांत आधी जाणवते या लांब तारांच्या टोकाला, म्हणजे बोटांत आणि तळव्यांत. हाताच्या बोटांची पाळी बरीच नंतर येते.

या तारा तीन प्रकारची कामं करतात आणि तिन्ही बिघडतात. पहिलं काम स्पर्श, ऊन-गार आणि वेदना कळवण्याचं. दुसरं, पायातले छोटे स्नायू हलवण्याचं. हे स्नायू दुबळे झाले की बोटं पंज्यासारखी वाकतात आणि तळव्याची हाडं खाली डोकावू लागतात. तिसरं काम घामाचं. घाम बंद झाला की कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा जातात. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानाला जातात, तशाच.

सुरुवातीला रुग्ण तक्रार करतो. रात्री तळपायाची आग होते, मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं. मग एक दिवस तो सांगतो, "चप्पल पायातून कधी निसटली, कळलंच नाही." आणि पुढे आग थांबते. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. कधी ते खरंही असतं. पण अनेकदा तार पूर्ण तुटलेली असते, म्हणून बातमी येत नाही. रुग्णाला सर्वांत निर्धास्त वाटतं ते नेमकं या टप्प्यावर. इथून पुढचा धोका ओळखायला आपल्याला एका वेगळ्याच रोगाकडे जावं लागेल.

३. कुलूप, उंदीर आणि वेल्लोरचे डॉक्टर

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत झाला. इंग्लंडात शस्त्रक्रियेचं शिक्षण घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी, की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात. डॉक्टरही तेच मानत.

एकदा ब्रँड यांना एक गंजलेलं कुलूप उघडेना. कुष्ठरोग झालेला एक मुलगा पुढे आला आणि त्यानं किल्ली सहज फिरवली. ब्रँड यांना त्याच्या ताकदीचं नवल वाटलं, पण जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. त्यांनी मुलाचा हात उलटून पाहिला तर किल्लीनं बोट हाडापर्यंत कापलेलं. मुलाला पत्ताच नव्हता. तुमची-आमची पकड जिथे दुखून थांबते, तिथे त्याची थांबली नव्हती.

तिथून ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. ही कशानं झाली? गरम भांड्यानं, ही खिळ्यानं, ही कुदळीच्या दांड्यानं. एक कोडं मात्र सुटेना. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे व्हायचे. पहारा ठेवला तेव्हा दिसलं की झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडतो आहे आणि माणूस जागा होत नाही. त्यानंतर बरा होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर देण्याची पद्धत पडली. मांजर हे औषधोपचाराचाच भाग झालं.

मांस सडत नव्हतं. वेदना नसल्यामुळे इजा होत होती, इजेवर पुन्हा इजा होत होती आणि त्यातून हातपाय जात होते. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहाचे रुग्ण पाहताना त्यांच्या लक्षात आलं की पाय अगदी तसेच आहेत. कुष्ठरोगात जंतूनं तोडलेली तार इथे साखरेनं तोडली होती.

उंदराची गोष्ट जुनी झाली असं कुणाला वाटेल. टांझानियातल्या दार-ए-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी या शतकात मधुमेहींच्या पायांना रात्री उंदीर चावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आहेत. आपल्याकडे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या घरांतही हे घडू शकतं. पाय बधिर असलेल्या माणसानं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं, हा सल्ला म्हणूनच साधा वाटला तरी मोलाचा आहे.

४. ठिपक्याएवढ्या जागेवरचं वजन

"काही लागलं नाही, ठेचलं नाही, मग जखम झाली कुठून?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. दाब म्हणजे वजन भागिले जागा.

समजा तुमचं वजन ६० किलो आहे आणि तुम्ही एका पायावर उभे आहात. तळव्याची सुमारे १०० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.६ किलो. आता बोटं वाकलेली आहेत आणि अंगठ्यामागचं हाड खाली डोकावतं आहे. त्या ४ चौरस सेंटिमीटरवरच २० किलो येऊ लागले, तर दाब झाला ५ किलो. आठपटीहून अधिक. आणि चपलेत पाव चौरस सेंटिमीटरचा खडा असेल, त्यावर १० किलो भार आला, तर दाब ४० किलो. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रकार हाच असतो.

दिवसभरात पाच हजार पावलं धरली तर प्रत्येक पायाच्या वाट्याला अडीच हजार येतात. तुम्हा-आम्हाला खडा टोचला की दुसऱ्याच पावलाला आपण लंगडतो, चप्पल झटकतो. ज्याला टोचतच नाही, तो अडीच हजार वेळा त्याच जागी पाय देतो. आधी तिथे घट्टा होतो. घट्टा टणक असल्यानं तोच खड्यासारखा दाबतो. त्याच्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस तिथे भोक पडतं.

अशी जखम मलमपट्टीनं का भरत नाही, तेही यातच आलं. रोपाला पाणी घातलं, खत घातलं, औषध फवारलं आणि दिवसातून अडीच हजार वेळा त्याच्यावर पाय दिला, तर ते जगेल का? तळव्याच्या जखमेवरचा भार काढणं हा तिचा मुख्य उपचार आहे. खास प्रकारचं प्लास्टर किंवा बूट घालून तो भार सगळ्या पायावर पसरवतात. प्रशिक्षित माणसानंच ते करायचं असतं. महागडी मलमं लिहून देणारे आणि घेणारे पुष्कळ भेटतात, पण "यावर चालू नका" हे वाक्य ठामपणे सांगणारे कमी, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते पाळणं सर्वांत अवघड. घरच्यांनी सहा आठवडे त्याचा भार उचलला, तर पाय वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

५. पाणीच पोचलं नाही तर

बधिरपणा हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं रक्ताचं. साखर, तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनी रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात, खारट पाण्यानं नळाचा पाइप आतून भरत जावा तशा. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो. पुढे रात्री पाय इतका दुखतो की माणूस तो खाटेखाली लोंबकळत ठेवून बसतो. जखमेत जंतू शिरले आणि तिथवर रक्तच जात नसेल, तर सलाइनमधून दिलेलं भारी प्रतिजैविकही तिथे पोचत नाही.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना मधुमेह नसतानाही असाच एक रोग होतो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. भारतीय उपखंडात तो पुष्कळ दिसतो. ऐन तिशी-चाळिशीत बोटं काळी पडू लागतात. त्याला रोखणारा एकच खात्रीचा उपाय आहे, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एकच बिडी ठेवली तरी रोग चालू राहतो.

इथे नातेवाइकांसाठी एक सूचना. कुणी पाय काढायला सांगितला तर घाबरून नकार देऊ नका आणि घाईनं होकारही देऊ नका. विचारा, "पायाचा रक्तपुरवठा तपासला का? बलून किंवा बायपास करून तो वाढवता येईल का?" जंतुसंसर्ग अंगभर पसरत असेल तर जीव वाचवायला पाय तातडीनं काढावाच लागतो. तसं नसेल तर हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

६. बिब्बा, ब्लेड आणि गरम पाणी

आता जरा कटू पण आवश्यक. आपल्याकडे बऱ्याच जखमा मायेपोटी होतात.

पायात काटा मोडला, टाचेला भेग पडली की गावाकडे बिब्बा तापवून त्याचा चटका देतात. संवेदना शाबूत असलेला माणूस ओरडतो आणि देणाऱ्याचा हात थांबतो. बधिर पायाचा माणूस शांत बसून राहतो, आणि बिब्ब्याचं तेल कातडी खोलवर जाळतं. कुरूप दाढीच्या ब्लेडनं तासणं, त्यावर बाजारातली आम्लाची पट्टी चिकटवणं, रुईचा चीक लावणं, सगळ्यांची गत तीच. पाय दुखतात म्हणून सून बिचारी बादलीत गरम पाणी आणून देते. सासूबाईंना ते कोमटच लागतं आणि सकाळी पायावर टरारून फोड आलेले असतात. पाणी किती गरम आहे हे पायानं कधीच ठरवू नये. कोपर बुडवून पाहावं, तेही घरातल्या दुसऱ्या कुणीतरी.

देवळाबाहेर चप्पल काढून उन्हात तापलेल्या फरशीवरून रांगेत चालणं हेही असंच. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अनवाणी चालण्याचा काहींचा नेम असतो. त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण तळवे बधिर असतील तर माउलींच्या वाटेवर पायांत नीट चप्पल घालावी असंच मी हात जोडून सांगेन. तापलेल्या देवळाच्या आवारात जाड मोजे घालावेत, किंवा सकाळी लवकर दर्शन घ्यावं. घरातही अनवाणी फिरू नये. घरात चप्पल नको हा आपला संस्कार आहे, तर घरापुरती वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवावी.

पावसाळ्यात भातलावणीनंतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तंदुरुस्त माणसाला त्या खाजतात, म्हणून तो त्यांची काळजी घेतो. मधुमेह्याच्या बधिर पायात याच बेचक्यांतून जंतू आत शिरतात. बायकांची घट्ट झालेली जोडवी बोट काचतात, तेही कळत नाही.

७. साखर नसतानाही

पाय जाण्याची सगळी जबाबदारी मधुमेहावर टाकता येणार नाही. कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान या देशांत युद्ध थांबल्यावरही जमिनीत पेरलेले सुरुंग गुराख्यांचे, शेतकऱ्यांचे, मुलांचे पाय नेत राहिले. १९९७ मध्ये ऑटावा इथे अशा सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला आणि तो १९९९ मध्ये लागू झाला. भारतानं त्यावर सही केलेली नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक लोक मरतात, आणि कितीतरी हातपाय गमावून जगतात. रूळ ओलांडायला पूल आणि गर्दी सामावणारी गाडी हा तिथला प्रतिबंध आहे, तो डॉक्टरांच्या हातात नाही.

नायजेरियात आणि आपल्याकडेही हाड मोडलं की हाडवैद्याकडे नेतात. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की आतली सूज वाढते, रक्त अडतं आणि पाय काळा पडतो. प्लास्टर कुणीही घातलेलं असो, बोटं थंड, निळसर, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ते सैल करून घ्यायला निघा. साप चावल्यावर पाय आवळून बांधणंही त्याच कारणानं टाळायचं.

आणि काटा. अनवाणी शेतकऱ्याच्या पायात काट्यावाटे बुरशी शिरते आणि वर्षानुवर्षं पाय सुजत, पाझरत राहतो. मदुराई भागात तो दिसल्यानं त्याला मदुरा पाय हे नाव पडलं. त्यामागे बुरशी असते हे १८६० च्या सुमारास मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी दाखवलं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं काढणारे कार्टर ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते थेट २०१६ मध्ये. शेतात जाताना पायांत बूट असते तर यातले कितीतरी पाय वाचले असते.

८. सहा बोटं, सहा स्पर्श

पाय बधिर झालेत का, हे घरी पाहता येतं. रुग्णाला पाय लांब करून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच टेकवा, सेकंद-दोन सेकंद. दाबू नका, घासू नका. दोन्ही पाय मिळून सहा स्पर्श झाले. "कळलं की उजवा-डावा सांगा," एवढंच सांगायचं. दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहेत असं समजून डॉक्टरांना दाखवा. इंग्लंडमधल्या इप्सविच इथे ही चाचणी तयार झाली. दवाखान्यात हेच काम दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्यानं करतात.

ज्याचे पाय बधिर आहेत त्यानं रोज रात्री हातपाय धुतल्यावर तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, दिसत नसेल तर नातवाला बोलावून. बेचक्या कोरड्या करायच्या. टाचांना खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. नवी चप्पल घेताना कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं आखावा आणि चप्पल त्यावर ठेवून पाहावी. पाय बाहेर डोकावला तर ती घेऊ नये. अंगठ्याची चप्पल टाळावी, मागे पट्टा असावा.

वेल्लोरला ब्रँड यांच्या काळात मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार होऊ लागल्या. कुष्ठरुग्णांना सरकारी कार्यक्रमातून त्या आजही मोफत मिळतात. बधिर पायांच्या मधुमेह्यालाही ती चप्पल प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी. ज्ञान इथलं, रबर इथलं, चांभार इथले. मग अडलंय कुठे?

कमी साधनांतही हे जमतं, याचा दाखला आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि दार-ए-सलामचे डॉ. अब्बास यांनी इतरांच्या साथीनं भारतात आणि टांझानियात 'स्टेप बाय स्टेप' हा उपक्रम चालवला. डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना त्यात पायांची तपासणी आणि जखमेची निगा शिकवली गेली. त्यासाठी मोठी यंत्रं लागली नाहीत.

आणि जखम दिसलीच तर? दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. लाली वर चढत असेल, वास येत असेल, पू किंवा काळपट डाग दिसत असेल, ताप असेल, तर तासांचा हिशेब धरायचा. जखम नसतानाही एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला तर त्यावर चालणं थांबवा. आतली हाडं मोडत असण्याची शक्यता असते.

९. एक पाय गेल्यावर

काही वेळा सगळं करूनही पाय काढावा लागतो. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला रबरी पाय आपल्या जगण्यासाठीच बनला आहे. तो घालून चिखलात चालता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी वावरता येतं. १९८१ च्या अपघातानंतर गँगरीन होऊन पाय गमावलेल्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या.

पण मधुमेहात पाय गेलेल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा दुसरा पायही त्याच साखरेत, त्याच रक्तात वाढलेला असतो आणि आता सगळा भार त्याच्यावर येतो. काही वर्षांत तोही जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून कृत्रिम पाय बसवून घरी आलेल्या माणसाच्या उरलेल्या पायाची तपासणी रोज व्हायलाच हवी.

आपल्या बहुतेक दवाखान्यांत मधुमेह्याची साखर पाहतात, रक्तदाब पाहतात, चिठ्ठी लिहितात. पाय टेबलाखाली चपलेतच राहतात. डॉक्टरांसमोर रांग मोठी असते, हे मान्य. तेव्हा पुढच्या तपासणीला जाल, किंवा आई-वडिलांना घेऊन जाल, तेव्हा खुर्चीत बसल्याबरोबर चप्पल आणि मोजे काढा आणि म्हणा, "डॉक्टर, पायही बघा." त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.